विषाणूच्या आधी पोचणारं प्रथिन

हेपॅटायटिस बी या आजाराचं कोडं त्याच्या आकड्यांतच दिसतं. धडधाकट मोठ्या माणसाला या विषाणूची बाधा झाली, तर 100 पैकी 95 जण काही महिन्यांत त्याला शरीरातून हुसकावून लावतात. कुणाला कावीळ होते, कुणाचं जेवणावरचं मन उडतं, कुणाला तर काही होऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही. हाच विषाणू जन्माच्या सुमारास आईकडून बाळाला लागला, की हिशेब साफ उलटा होतो. अशा 100 बाळांपैकी सुमारे 90 जणांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम ठोकतो. एक ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण साधारण 30 वर येतं आणि मोठेपणी पाचाच्या खाली जातं. विषाणू तोच, यकृतही माणसाचंच. बदलतं ते फक्त पहिल्या भेटीचं वय.

कुणीही पटकन म्हणेल, बाळाची प्रतिकारशक्ती कोवळी, ती हरली. पण हरलेलं बाळ आजारी दिसायला हवं, आणि ही बाळं आजारी नसतात. बाळसं धरतात, रांगतात, शाळेत जातात, मैदानावर हुंदडतात, आणि तरी त्यांच्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये 100 कोटींच्या घरात विषाणू असू शकतात. यकृताची तपासणी करावी, तर अहवाल जवळपास निर्दोष. याचं कारण असं, की हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी मारत नाही. तो त्यांच्यात राहतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि पेशीला जिवंत ठेवतो. कावीळ होते ती आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्या बाधित पेशींवर तुटून पडतात तेव्हा. मोठ्या माणसाला होणारा त्रास हा लढाईचा असतो. बाळाला त्रास नाही, कारण तिथे लढाईच झालेली नाही.

दुबळेपणाचा तर्क आणखी एका ठिकाणी अडतो. याच बाळाला जन्मल्या दिवशी हेपॅटायटिस बीची लस टोचली, पुढचे डोस वेळेवर दिले, तर त्याचं शरीर झकास प्रतिपिंडं बनवतं. ज्याची प्रतिकारशक्ती दुबळी त्याच्यात लस तरी कशी काम करेल? म्हणजे बाळाला लढता येतं. या एका पाहुण्याशी मात्र ते लढत नाही. हे कसं घडतं याचा माग काढत गेलं, की आपण एका चिमुकल्या प्रथिनापाशी येऊन थांबतो. त्याचं नाव ई-अँटिजेन.

ते कळण्यासाठी आधी या विषाणूचा काटकसरीपणा पाहायला हवा. त्याचा जनुकीय मजकूर जेमतेम 3200 अक्षरांचा आहे. माणसाचा सुमारे 300 कोटी अक्षरांचा. या 3200 मध्ये एकही अक्षर वाया गेलेलं नाही. प्रत्येक अक्षर कुठल्या ना कुठल्या प्रथिनाच्या कृतीत येतं, आणि निम्म्याहून अधिक अक्षरं तर एकाच वेळी दोन वेगवेगळ्या प्रथिनांसाठी वाचली जातात. इतक्या कमी जागेत संसार करणारा विषाणू बिनकामाचं काही बाळगणार नाही, असंच वाटतं. आणि तरी तो ई-प्रथिन बाळगतो. प्रती काढायला ते लागत नाही, विषाणूचं कवच बांधायला लागत नाही, नव्या पेशीत शिरायलाही लागत नाही. काही रुग्णांमध्ये विषाणूच्या 1896 क्रमांकाच्या अक्षराजागी दुसरं अक्षर येतं आणि ई-प्रथिनाच्या वाचनाला मध्येच पूर्णविराम मिळतो. ते बनणंच थांबतं, पण विषाणूची वाढ आहे तशी चालू राहते.

असं असूनही हे प्रथिन टिकून आहे. उत्तर अमेरिकेतल्या वुडचक नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या हेपॅटायटिस विषाणूत ते आहे, बदकांच्या विषाणूतही आहे. माणसांच्या हाडांतून आणि दातांतून मिळालेल्या प्राचीन जनुकीय अवशेषांवरून हा विषाणू निदान 10,000 वर्षं आपल्या सोबत आहे हे आता कळलं आहे. इतका काळ, इतक्या प्राण्यांत एखादी गोष्ट जपली जाते, तेव्हा ती कुठेतरी उपयोगी पडत असणार. यकृतपेशीच्या आत तिचा उपयोग दिसत नाही, मग तो बाहेर शोधायला हवा.

ई-प्रथिन बाहेर जाण्यासाठीच घडवलेलं आहे. ज्या जनुकातून विषाणूच्या गाभ्याचं, म्हणजे कोअरचं प्रथिन बनतं, त्याच जनुकातून हेही बनतं. फरक वाचन कुठून सुरू होतं याचा. नेहमीच्या जागेपासून वाचलं तर कोअर तयार होतं. त्याचे 240 रेणू एकमेकांत गुंतून एक पोकळ गोळा करतात आणि विषाणूचा मजकूर त्यात बंद होतो. थोडं आधीपासून वाचलं, तर पुढच्या टोकाला 29 अमिनो आम्लांचा जादा तुकडा लागतो. या तुकड्यातली पहिली 19 म्हणजे पेशीच्या निर्यात-व्यवस्थेसाठीचा पत्ता. पत्ता वाचून झाला की पेशी तो कापून टाकते, मागचं टोकही छाटलं जातं आणि उरलेलं प्रथिन रक्तात सोडलं जातं. मागे राहिलेल्या 10 अमिनो आम्लांमध्ये एक सिस्टीन असतं. ते प्रथिनाच्याच मधल्या भागातल्या दुसऱ्या सिस्टीनशी गंधकाचा बंध बांधतं. एवढ्याशा गाठीमुळे अख्ख्या रेणूची ठेवण बदलते. त्याला गोळा करता येत नाही, तो सुटा सुटाच राहतो. विषाणूच्या कणापेक्षा किती तरी लहान, आणि रक्तात मोकळा फिरणारा.

खरी गंमत पुढे आहे. घडण बदलल्यामुळे प्रतिपिंडांना कोअर आणि ई ही बरीचशी वेगळी दिसतात, कारण प्रतिपिंडं वस्तूचा बाहेरचा आकार पाहतात. टी-पेशींचं तसं नाही. त्यांच्यापुढे प्रथिन येतं ते तुकडे होऊन, आणि तुकड्यांच्या पातळीवर दोन्हीतला बहुतेक मजकूर एकच आहे. त्यामुळे एखाद्या टी-पेशीला ई-प्रथिनाकडे काणाडोळा करायला शिकवलं, की ती कोअरकडेही काणाडोळा करते. आणि कोअर हे विषाणूचं काळीज आहे. बाधित यकृतपेशी ओळखण्याची टी-पेशींची सगळ्यात भरवशाची खूण तीच. ई रक्तात मोकळं हिंडतं आणि आडोसा मिळतो तो पेशीत बसलेल्या कोअरला.

ई-प्रथिनाची ओळख 1972 साली स्वीडनमध्ये मॅग्नियस आणि एस्पमार्क यांनी करून दिली. 1976 साली जपानी संशोधकांनी त्याचा बाळांशी असलेला संबंध दाखवला. ज्या आयांच्या रक्तात ई होतं त्यांच्या बाळांमध्ये विषाणू ठाण मांडत होता. ज्यांच्या रक्तात ई नव्हतं, उलट त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं होती, त्यांची बाळं सुटत होती. डॉक्टरांच्या हाती एक उपयोगी चाचणी आली, पण कारण सुटलं नाही. ई असलेल्या आईच्या रक्तात विषाणूही भरपूर असतात. मग बाळाला भोवतं ते ई, की विषाणूंची संख्या?

दोन गोष्टी सुट्या करून पाहायच्या, तर ई नसलेला विषाणू बाळात शिरला तर काय होतं हे बघायला हवं. 1991 साली जपानमधूनच अशा दोन बाळांची नोंद आली. त्यांच्या आयांच्या रक्तात ई-विरोधी प्रतिपिंडं होती आणि बाळांमध्ये ई बनवू न शकणारा विषाणू सापडला. तो निवांत वस्तीला राहिला नाही. दोन्ही बाळांना यकृत झपाट्याने निकामी करणारी तीव्र कावीळ झाली. असे प्रकार फार विरळ असतात आणि एवढ्यावरून नियम बांधता येत नाही. पण तान्ह्याच्या प्रतिकारशक्तीत किती ताकद दडलेली असते ते मात्र त्यातून भीषणपणे दिसलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वुडचकच्या नवजात पिल्लांना ई नसलेल्या विषाणूची बाधा करून पाहिली. बाधा झाली, पण ती चिवट होऊन राहिली नाही.

जन्माआधी भेटलेल्या परक्याला शरीर आपलं मानतं, ही कल्पना त्याआधी कितीतरी वर्षांपासूनची. 1945 साली रे ओवेन यांना जुळ्या वासरांमध्ये काही वेगळंच आढळलं. गर्भात त्यांचा रक्तप्रवाह एकमेकांत मिसळलेला असतो, आणि मोठेपणीही प्रत्येकाच्या अंगात आपल्या रक्तपेशींसोबत भावंडाच्या रक्तपेशी सुखाने नांदत असतात. 1953 साली पीटर मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या जातीच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. ती पिल्लं मोठी झाल्यावर त्याच जातीच्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली, आणि ती टिकली. या कामासाठी मेडावार यांना मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह 1960 चं नोबेल मिळालं. प्रतिकारशक्ती आपलं-परकं घेऊन जन्मत नाही, ते ती शिकते, आणि शिकायचा मोठा काळ जन्माच्या आसपास असतो, हे यातून पक्कं झालं.

मग 1990 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड मिलिच यांनी सरळच प्रश्न टाकला: ई-प्रथिनाचं काम गर्भातल्या बाळाला सहनशील बनवणं हेच तर नाही? त्यांनी ई बनवणाऱ्या उंदरीण-माता तयार केल्या. त्यांच्या ज्या पिल्लांना ते जनुक मिळालंच नव्हतं, त्यांच्या टी-पेशीही ई आणि कोअर या दोन्हींबाबत थंड पडलेल्या निघाल्या. पिल्लं स्वतः ई बनवत नव्हती. ते आलं असलं तर आईच्या रक्तातून, वारेवाटे. यावर वादही झाला. 1998 साली दुसऱ्या एका गटाने सांगितलं, की उंदराच्या वारेतून हे प्रथिन नीटसं पलीकडे जातच नाही. माणसांत मात्र नाळेच्या रक्तात ते सापडतं, विषाणूची बाधा न झालेल्या बाळांमध्येसुद्धा. काही महिन्यांत त्यांच्या रक्तातून ते नाहीसंही होतं.

2016 साली लॉस एंजेलिसमधल्या जेम्स ऊ यांच्या गटाने हा धागा टी-पेशींच्याही मागे नेला. त्यांचा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. पिल्लांचे दोन गट घेतले. दोन्हींत विषाणूचं जनुक नव्हतं. एका गटाची आई विषाणूचं जनुक बाळगणारी, दुसऱ्या गटाचा बाप तसा आणि आई साधी. म्हणजे वंश सारखाच, पण पहिल्या गटाने गर्भात विषाणूच्या प्रथिनांचा सहवास घेतलेला, दुसऱ्याने नाही. पिल्लं मोठी झाल्यावर शेपटीच्या शिरेतून, अवघ्या काही सेकंदांत, भरपूर द्रावणाबरोबर विषाणूचा डीएनए सोडला. दाबामुळे तो यकृतात शिरतो आणि तिथे विषाणू बनू लागतात. साध्या आईच्या पिल्लांनी काही आठवड्यांत यकृत स्वच्छ केलं. विषाणूचं जनुक बाळगणाऱ्या आईच्या पिल्लांच्या यकृतात विषाणू टिकून राहिला. आईकडून ई काढून टाकलं, तेव्हा हा फरकही गेला.

यात मोक्याच्या ठरल्या त्या कुप्फर पेशी. यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत तळ ठोकून बसलेल्या या भक्षक पेशी. त्यांची मूळ वस्ती जन्माआधीच होते आणि त्या आपली संख्या तिथल्या तिथेच राखत राहतात. गर्भात ई भेटलेल्या पिल्लांमध्ये या पेशी पुन्हा ई दिसल्यावर शांतवणारा पवित्रा घेत होत्या. त्यांच्या अंगावर पीडी-एल1 नावाचं प्रथिन वाढत होतं आणि त्याच्या स्पर्शाने टी-पेशी ढिल्या पडत होत्या. कर्करोगावरच्या नव्या उपचारांत ज्या खुणेला रोखतात, तीच ही खूण. ई प्रथमच मोठेपणी भेटलेल्या पिल्लांमध्ये त्याच कुप्फर पेशी खवळून उठत होत्या. प्रथिन एकच, पेशीही त्याच, आणि परिणाम अगदी विरुद्ध. संशोधकांनी सहनशील उंदरांमधल्या कुप्फर पेशी काढून टाकल्या, तेव्हा विषाणूही हटला.

आपल्याकडे म्हणतात, पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. इथे लिहिणारं सटवाईची वाट पाहत थांबलेलं नाही. बाळाची आणि विषाणूची गाठ बहुतेक वेळा प्रसूतीच्या रक्तस्रावात पडते. त्याच्या कितीतरी आधी ई-प्रथिन आईच्या रक्तातून येऊन बाळाच्या यकृताला निरोप देऊन ठेवतं, की येणारा ओळखीचा आहे.

हे सगळं इतकं नेटकं बसतं, की थोडं सावध व्हावं. उंदीर माणसासारखे या विषाणूने सहजी बाधित होत नाहीत, म्हणूनच ते शेपटीतल्या सुईचं प्रकरण. माणसांच्या बाळांकडे पाहिलं तर चित्र आणखी गुंतागुंतीचं दिसतं. सिंगापूरमध्ये अँतोनियो बर्तोलेत्ती यांच्या गटाने 2015 साली बाधित आयांच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. त्या पेशी मरगळलेल्या नव्हत्या. उलट त्या अधिक पक्व होत्या आणि जिवाणूंसमोर अधिक चपळाईने उठत होत्या. ज्यांना सहनशील टप्प्यातले रुग्ण म्हणत, त्या मुला-तरुणांमध्येही विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या आहेत. म्हणजे बाळाच्या प्रतिकारशक्तीची पाटी पुसलेली नसते आणि ती झोपलेलीही नसते. आईच्या शरीरात काय चाललंय याची खबर तिला लागलेली असते. त्या खबरीवर ती काय करते, हे कुठल्या पेशी, कुठलं प्रथिन आणि कुठली वेळ यावर ठरत जातं.

हा शांततेचा करार आयुष्यभर चालत नाही. पुढे, बहुधा तरुणपणी, टी-पेशींना जाग येते. त्या यकृतावर हल्ले करतात, थांबतात, पुन्हा करतात. काहींमध्ये ई नाहीसं होऊन विषाणू आटोक्यात येतो. काहींमध्ये वर्षानुवर्षांच्या धुमसण्यातून यकृत आकसत जातं, सिऱ्होसिस होतो, कर्करोग होतो. पामर बीसली आणि सहकाऱ्यांनी तैवानमध्ये 22,707 पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि 1981 साली जाहीर केलं, की हा विषाणू बाळगणाऱ्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या 223 पट आहे. त्यातल्या कित्येकांना बाधा तान्हेपणीच झालेली असणार. चाळिशी-पन्नाशीतल्या गाठीचं मूळ असं बाळंतपणाच्या खोलीत सापडतं.

आणि उपायही त्याच खोलीत सापडला. लसीत ई नसतं, कोअर नसतं. असतं ते विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एस-प्रथिन. 1960 च्या दशकात बारूक ब्लमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात जे नवल सापडलं आणि ज्यासाठी त्यांना 1976 चं नोबेल मिळालं, ते हेच. आज ते यीस्टच्या पेशींत बनवतात. त्याचे कण ई-पेक्षा खूप मोठे असतात, ते वारेतून सहसा जात नाहीत. त्यामुळे एस-बाबत बाळाला आधी कुणी काही पढवलेलं नसतं. बाळाची मांडी, अर्धा मिलिलिटर द्रव, आणि पहिली ओळख लसीची होते. विषाणूची चालही मंद असते, रक्तात दिसण्याइतका तो वाढायला आठवडेच्या आठवडे जातात. तेवढ्यात प्रतिपिंडं तयार झाली, तर त्याला यकृतात शिरण्याआधीच अडवता येतं. आई बाधित असेल तर बाळाला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात, म्हणजे लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत मधला काळ झाकला जातो.

तैवानने जुलै 1984 मध्ये बाधित आयांच्या बाळांपासून सुरुवात केली आणि दोन वर्षांत ही लस सगळ्या नवजातांना लागू केली. तिथे तेव्हा दहातल्या एखाद्या मुलात विषाणू सापडत असे, लसीनंतर जन्मलेल्यांत ते प्रमाण शंभरात एखाद्यावर आलं. 6 ते 14 वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग लाखात 0.70 वरून 0.36 वर उतरला. माणसाला होणारा कर्करोग लसीने टळतो, याचा हा पहिला ठसठशीत पुरावा.

भारतात ही लस 2002 च्या सुमारास काही ठिकाणी सुरू झाली आणि 2011 पर्यंत देशभर पोचली. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं, की बीसीजी आणि पोलिओच्या थेंबांबरोबर हेपॅटायटिस बीचा जन्म-डोस मिळतो. पुढचे डोस पेंटाव्हॅलंटमधून 6, 10 आणि 14 आठवड्यांना. त्यातला जन्म-डोस 24 तासांतच द्यायची अट का, हे आता सांगायची गरज उरू नये. गरोदरपणातल्या तपासण्यांत एस-अँटिजेनची चाचणी करून घ्यावी. आईच्या रक्तात विषाणू फार असतील, तर शेवटच्या महिन्यांत टेनोफोविर देऊन त्यांची संख्या खाली आणता येते. बाळाची लस वेळेत झाली असेल, तर आईने त्याला अंगावर पाजायलाही हरकत नाही. बाळाला लस आणि तयार प्रतिपिंडं देऊनही 100 पैकी पाच-दहा बाळांमध्ये विषाणू निसटून जातो, मुख्यत्वे ई असलेल्या आणि विषाणूंची संख्या भरमसाट असलेल्या आयांच्या. आईवरचा उपचार आहे तो ही गळती बुजवण्यासाठी.

आपण तान्ह्याला नाजूक म्हणतो आणि त्याची प्रतिकारशक्ती म्हणजे अजून न भरलेला रकाना समजतो. हेपॅटायटिस बीचा विषाणू मात्र तिला तसं समजत नाही. 3200 अक्षरांच्या संसारातली अक्षरं खर्चून त्याने तिच्यासाठी एक प्रथिन राखून ठेवलं आहे, कारण जन्माच्या आसपास ती झपाट्याने शिकते आणि तेव्हा शिकलेलं दशकानुदशकं विसरत नाही. लसही याच गुणावर चालते. विषाणूच्या शिकवणीला महिन्यांचा अवधी मिळालेला असतो आणि आपल्याला एक दिवस, तरीही वेळेवर टोचलेली सुई बहुतेक वेळा जिंकते.